गोदावरीची जन्मतारीख

फॉर्ममध्ये मोबाईल नंबर नऊच आकडी भरला की लाल अक्षरं झळकतात. त्यामुळे संगणकाला नियम सांगितले की तो चुका पकडतोच, असं आपण धरून चालतो. मेटाडेटाच्या, म्हणजे माहितीविषयीच्या माहितीच्या, दुनियेत मात्र तर्कशास्त्र वेगळंच वागतं.

वेबवरच्या नोंदींना तर्काचे नियम लावण्यासाठी 2004 साली ‘वेब ऑन्टॉलॉजी लँग्वेज’ प्रमाणित झाली. आद्याक्षरं फिरवून तिला नाव दिलं ‘आउल’, म्हणजे घुबड. तिकडे ते शहाणपणाचं प्रतीक; आपण मात्र उंदीर खाऊन शेत राखणाऱ्या त्या पक्ष्याला अपशकुनी ठरवून मोकळे!

समजा, आउलमध्ये नियम लिहिला: ‘ज्याला जन्मतारीख असते, तो माणूस.’ मग कुणीतरी गोदावरी नावाच्या आजींची नोंद चुकून नदीच्या नोंदीत मिसळली. उगम त्र्यंबकेश्वरजवळ, लांबी 1465 किलोमीटर आणि वर जन्मतारीख. तर्क चालवणारा प्रोग्राम, म्हणजे रीझनर, ओरडेल? छे. तो शांतपणे निष्कर्ष काढतो की गोदावरी नदीही आहे आणि माणूसही. नियम ‘जर-तर’चा होता, मनाईचा नव्हताच. ‘नदी’ आणि ‘माणूस’ हे विभक्त संच आहेत, म्हणजे एकच गोष्ट दोन्हीत असू शकत नाही, असं वेगळं लिहिलं तरच विसंगती दिसते.

याहून गंमत पुढे आहे. ‘प्रत्येकाला जन्मदात्री एकच’ असा नियम करा आणि कृष्णाच्या नोंदीत देवकी व यशोदा दोघींना जन्मदात्री म्हणून लिहा. रीझनर म्हणेल, देवकी आणि यशोदा ही एकाच बाईची दोन नावं! वेबवर एकाच गोष्टीला दहा नावं असतात, म्हणून आउलमध्ये नावं वेगळी म्हणजे व्यक्ती वेगळ्या असं गृहीत धरत नाहीत.

विसंगती शोधायची रीत अशी: सगळी विधानं खरी मानून एक नमुना-जग रचत जायचं. ‘किंवा’ आला की फांदी फोडायची. ‘क’ आणि ‘क नाही’ एकत्र आले की ती फांदी बंद. सगळ्या फांद्या बंद झाल्या, तर नियमसंच विसंगत. असा संच ठेवून चालत नाही, कारण अभिजात तर्कशास्त्रात एका विसंगतीतून वाट्टेल ते सिद्ध करता येतं. एआयला विचारलं की डेटा आपोआप स्वच्छ होतो म्हणणाऱ्यांनी हा फांद्यांचा तक्ता एकदा कागदावर मांडून पाहावा.

लाल अक्षरंच हवी असतील, तर 2017 साली प्रमाणित झालेली ‘शॅकल’ भाषा आहे. तिला ‘आईचं नाव हवंच’ असा नियम दिला, तर आईचा रकाना रिकामा दिसला की ती तक्रार करते. तोच नियम आउलमध्ये लिहिला, तर रीझनरला रिकाम्या रकान्याचं काहीच वाटत नाही. आई असणारच, नाव अजून कळलेलं नाही इतकंच.