टाकीत भलतंच इंधन पडलं? सेल्फ मारू नका
(ट्रकमालक आणि ड्रायव्हर मंडळींसाठी माहितीपत्रक)

फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं: "एअर धरलीय (डिझेलच्या लाइनीत हवा अडकलीय), माणूस पाठवा." आमच्या गॅरेजचा माणूस पाडळसिंगी टोलनाक्यावर नाहीतर मांजरसुंब्याच्या घाटात पोचतो, पाहतो तर फिल्टर नवाकोरा. जुना कुठाय? फेकला. टाकीत काय आहे? आत्ताच वरून डिझेल टाकलं. सेल्फ किती मारला? बॅटरी उतरेपर्यंत. हे सगळं झाल्यावर क्लीनर हळूच सांगतो, की रात्री डिझेलच्या टाकीत युरियाची (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालतात त्या पाण्याची) बादली गेली होती.

हेच फोनवर कळलं असतं, तर बहुतेक वेळा टाकी धुऊन, लाइन साफ करून गाडी परत लाइनीला लागते. सेल्फ मारत राहिल्यावर तीच गाडी पंप-इंजेक्टरवर (डिझेल दाबाने ढकलणारा पंप आणि इंजिनात फवारणारे इंजेक्टर) जाते आणि हजारांचं बिल लाखात.

कारण साधं आहे. कॉमन रेलच्या गाडीत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून (रेल) डिझेल मिळतं अशा गाडीत, डिझेल दीड-दोन हजार बार दाबाने इंजेक्टरपर्यंत जातं. आतल्या सुईची फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरच्या आसपास असतो. या भागांना वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्यांचं वंगण. पेट्रोल किंवा रॉकेल आलं की लोखंडावर लोखंड घासतं. पंपाचा चुरा रेलमध्ये, रेलमधून इंजेक्टरमध्ये आणि रिटर्न लाइनने परत टाकीत. म्हणून एकच इंजेक्टर बदलून गाडी दिली, तर ती पुन्हा आमच्याच दारात येते. आम्ही टाकी खाली उतरवल्याशिवाय काम धरत नाही, ते यासाठी. "टाकीचे पैसे उगाच लावता" असं ऐकून घेतो, पण टाकी न धुता गॅरंटी देत नाही.

जुने ड्रायव्हर म्हणतात, आम्ही रॉकेल घालून गाड्या चालवल्यात. खरं आहे. इनलाइन पंपाच्या (जुन्या पद्धतीच्या, कमी दाबाच्या डिझेल पंपाच्या) गाड्या बरंच सोसायच्या. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्या सोसत नाहीत, आणि त्याआधीच्या कॉमन रेलच्याही फारसं नाही.

युरियाची गोष्ट वेगळी, आणि आमच्याकडे सध्या तीच जास्त येते. त्या बादलीत साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी पाणी. ते डिझेलमध्ये मिसळत नाही. डिझेलहून जड असल्यामुळे तळाला बसतं, आणि डिझेल ओढणारा सक्शनचा पाइप तळाशीच असतो. वरून डिझेल ओतून ते पातळ होत नाही. उलट साफ करायला तेवढा माल वाढतो आणि तुमचं चांगलं डिझेलही वाया जातं. वाळलं की पांढरे खडे धरतात. जुना फिल्टर कापल्यावर आम्हाला हेच खडे दिसतात. ते दिसले की पुढचं काम नेमकं ठरतं, म्हणून फिल्टर फेकू नका, पिशवीत घालून आणा. नरसाळ्याने बादली ओतताना टाकीच्या झाकणाकडे एकदा बघा. युरियाचं झाकण बहुतेक गाड्यांत निळं असतं. उलटी चूक, म्हणजे युरियाच्या टाकीत डिझेल, तीही होते. तेव्हाही चावी फिरवू नका.

मग करायचं काय? पेट्रोल पंपावरच लक्षात आलं तर गाडी जागेवर ठेवा. सेल्फ नाही, हँडपंप (लाइनीत हाताने डिझेल भरायचा पंप) नाही. हँडपंप मारला की चुकीचा माल पुढे ढकलला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. टाकीतला माल रस्त्यावर सोडू नका. पेट्रोल मिसळलेलं डिझेल साध्या डिझेलसारखं वागत नाही, बिडीच्या ठिणगीनेही पेट घेतं.

चालत्या गाडीत कळलं तर बाजूला घेऊन लगेच बंद करा. इथे एक अडचण आम्ही रोज ऐकतो: "ब्रेकची हवा उतरली, भरायला इंजिन चालू केलं." मालक, त्याच दहा मिनिटांत गाडीचा डिझेल पंप जातो. हवा ओढणाऱ्या गाडीवरून होजने भरता येते, किंवा मागच्या स्प्रिंग ब्रेकचे (हवा गेली की आपोआप चाक धरणारे ब्रेक) बोल्ट आवळून चाक मोकळं करता येतं. आधी चाकांना दगड लावा, नाहीतर उतारावर गाडी निघेल. हे काम येत नसेल तर आमच्या माणसाची वाट पाहा. होज आणि पाना घेऊनच तो निघतो.

गाडी पुढे तशीच चालवली तर इंजिनच बसतं. इंजेक्टर गळायला लागला की पिस्टनला भोक पडतं, लायनरवर ओरखडे येतात; न जळलेलं इंधन खाली उतरून ऑइल पातळ करतं आणि बेअरिंग धरतं. गेजवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका.

धाब्यामागे टँकरमधून मिळणाऱ्या स्वस्त डिझेलबद्दल आम्ही उपदेश करत नाही. सळई भरलेल्या गाडीला लिटरमागे चार पैसे वाचवायचा मोह होतो, हे कळतं. पण त्या व्यवहाराला बिल नसतं, आणि बिल नसेल तर भांडायला कुणीच नसतं. साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड धरत नाहीत, आणि भेसळीच्या इंधनावर कंपनीची वॉरंटीही मिळत नाही. पेट्रोल पंपाची चूक असेल तर पावती ठेवा आणि लिटरभर नमुना मेटलच्या डब्यात घ्या. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीतला नमुना कुणी मोजत नाही. झाकणाचे डबे आमच्या काउंटरवर मिळतात. पंपावर घनता तपासायला मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. डिझेल लिटरला साधारण 0.83 किलो, पेट्रोल 0.74 च्या आसपास, एवढा फरक लगेच दिसतो.

फोन करताना फक्त एवढं सांगा: काय पडलं, अंदाजे किती, सेल्फ मारला का, गाडी किती चालली. खरं सांगितलं म्हणून बिल वाढत नाही. लपवलं तर शोधण्याची मजुरी वेगळी लागते, ती पावतीवर लिहूनच देतो. इंजेक्टर टेस्ट बेंचवर (तपासणीच्या मशीनवर) तपासल्याशिवाय आम्ही नवे बसवत नाही, आणि बसवले तर त्यांचे कोड स्कॅनरने गाडीत भरून देतो. जुने पार्ट बॉक्समध्ये परत मिळतील. ऊस सीझनमध्ये बेंचवर रांग असते, म्हणून गाडी टो करण्याआधी विचारून घ्या.