हमीभावाने कापूस विकायचाय? आधी सातबारा उघडून बघा

भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते. ही पद्धत 2025-26 च्या हंगामात आली. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे 7,710 रुपये आणि लांब धाग्याला 8,110 रुपये होता.

नोंदणीसाठी आधार, सातबारा, मोबाईल नंबर आणि आधारशी जोडलेलं बँक खातं हवं. अडतं ते सातबाऱ्यावर. त्यावर चालू खरिपाचा कापसाचा पेरा दिसला पाहिजे, आणि तो ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवरून पिकाची नोंद, केली तरच चढतो. शेतात पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, डोक्याएवढी उभी असली तरी कागदावर सोयाबीन असेल, तर माल घेतला जात नाही. म्हणून पाहणीची मुदत अजिबात चुकवू नका. चुकलीच तर लगेच तलाठ्याला गाठा. आधारवरचं आणि सातबाऱ्यावरचं नावही जुळवून घ्या.

ॲपवर कागद चढवले की त्यांची तपासणी होते. मंजुरी मिळाली की जवळचं केंद्र निवडून दिवस बुक करायचा. बुकिंग न करता गाडी भरून निघू नका, भाड्याचा भुर्दंड तुम्हालाच बसेल.

केंद्रावर ग्रेडर, म्हणजे मालाची प्रत ठरवणारा माणूस, गाडीत दोन-चार ठिकाणी मीटर खुपसून ओलावा बघतो. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो. त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात होते, आणि 12 च्या वर गाडी परत जाते. 10 टक्के ओलावा निघाला तर 8,110 च्या भावाने लांब धाग्याच्या क्विंटलमागे 162 रुपये गेले! वर्षभराच्या कष्टाचा पैसा असा दवापायी घालवू नका. दव वाळल्यावरच वेचणी करा, कापूस दोन दिवस उन्हात पसरा. मग एक सरकी दाताखाली धरून बघा: कट्टकन फुटली तर माल वाळला, नुसती चेपली तर अजून ऊन द्या. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी ठेवा. प्लास्टिकच्या पोत्यात तर भरूच नका, त्याचे धागे रुईत मिसळतात.

पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. ते जमा होईपर्यंत काटापट्टी जपून ठेवा आणि निघण्याआधी तिच्यावरचं वजन, ओलावा आणि भाव तिथेच वाचून घ्या.