एजवूडचा खटला: हिस्पॅनिक मुलांच्या शाळा आणि पैशाचा प्रश्न

अमेरिकेच्या सार्वजनिक शाळांत आज दर चार मुलांमागे एकाहून अधिक मूल हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांत मुळे असलेले आहे. तरीही अल्पसंख्याकांच्या शिक्षणावर गेल्या काही वर्षांत जी शाई खर्ची पडली, ती बहुतेक नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशावर. प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल तिकडच्या मराठी घरांतही चघळला गेला. ते साहजिकच, कारण आपली मुले तिथे ‘एशियन’ रकान्यात मोजली जातात. पण हिस्पॅनिक मुलांचे बरेचसे भवितव्य त्याच्या खूप आधी ठरते, शाळेच्या अंदाजपत्रकात. ते अंदाजपत्रक न्यायालयाच्या कक्षेबाहेर कसे गेले हे समजून घ्यायचे तर टेक्ससमधल्या एजवूड भागात, १९६८ नंतरच्या काळात जावे लागते.

त्याआधीचे थोडक्यात. मेक्सिकोबरोबरच्या १८४८ च्या तहानंतर अमेरिकेच्या हद्दीत राहिलेले मेक्सिकन कायद्याच्या दृष्टीने ‘गोरे’ ठरले. त्यामुळे टेक्ससात कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या शाळांचा कायदा होता, मेक्सिकनांसाठी नव्हता. वेगळ्या शाळा मात्र दोघांनाही होत्या. मेक्सिकन मुलांच्या बाबतीत सबब भाषेची असे: इंग्रजी येत नाही, म्हणून निराळी इमारत. टेक्ससातल्या डेल रिओच्या खटल्यात १९३० साली ही सबब चालून गेली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या लेमन ग्रोव्हमध्ये ती चालली नाही. १९४७ मध्ये तिथल्याच ऑरेंज काउंटीतल्या चार स्कूल डिस्ट्रिक्टविरुद्धचा (डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळा चालवणारे स्थानिक मंडळ आणि त्याची हद्द) निकाल अपिलातही टिकला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने वेगळ्या शाळांची उरलीसुरली कलमे रद्द केली. वंशावरून वेगळ्या शाळा देशभर घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राऊन निकालाच्या सात वर्षे आधी. टेक्ससात १९४८ च्या आदेशानेही पहिलीच्या वर्गापुरती भाषेची पळवाट शिल्लक ठेवली.

‘गोरे’ या शिक्क्याचा सगळ्यात चलाख वापर ह्यूस्टनमध्ये झाला. शाळा मिसळण्याचा आदेश आल्यावर १९७० मध्ये तिथल्या योजनेत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांशी मेक्सिकन वस्तीतल्या शाळांच्या जोड्या लावल्या गेल्या. कागदावर गोरे आणि काळे एकत्र आले. सुखवस्तू गोऱ्यांच्या शाळांना धक्का लागला नाही. मेक्सिकन पालकांनी मुलांना शाळेतून काढून चर्चमध्ये, सभागृहांत पर्यायी वर्ग भरवले.

तोवर विद्यार्थी स्वतःच रस्त्यावर येऊ लागले होते. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मुले वर्ग सोडून बाहेर पडली. मे महिन्यात सॅन अँटोनिओच्या एजवूड भागातल्या हायस्कूलमध्ये तेच घडले. तक्रारी फार मोठ्या तात्त्विक नव्हत्या: फुटक्या खिडक्या, मोडकी स्वच्छतागृहे, पात्रता नसलेले शिक्षक. शेवटची तक्रार आकड्यांतही दिसते. एजवूडमधले ४७ टक्के शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवत होते. त्याच महानगरातल्या सुखवस्तू अलामो हाइट्समध्ये हे प्रमाण ११ टक्के होते.

पालकांनी शोध घेतला तेव्हा कळले की दोष मुख्याध्यापकाचा नाही, तिजोरीचा आहे. अमेरिकेत शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीवर शाळा चालते. एजवूडमध्ये जवळपास ९० टक्के विद्यार्थी मेक्सिकन वंशाचे होते, सहा टक्क्यांहून थोडे अधिक कृष्णवर्णीय. तिथे दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची; अलामो हाइट्समध्ये ४९,००० डॉलरहून जास्त. एजवूडचे लोक शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर कर भरत. महानगरात यापेक्षा चढा दर कुठेच नव्हता. अलामो हाइट्सचा दर होता ८५ सेंट. १९६७-६८ मध्ये एवढा कर भरून एजवूडच्या हाती स्थानिक पैसा पडला दर मुलामागे २६ डॉलर. कमी दर लावून अलामो हाइट्सच्या हाती ३३३. राज्य आणि केंद्राची भर घातल्यावर एकीकडे ३५६, दुसरीकडे ५९४. राज्याकडून मिळणारी मदत ही दरी बुजवायची असते असा आपला समज असतो. पण राज्याने एजवूडला २२२ डॉलर दिले आणि अलामो हाइट्सला २२५.

जुलै १९६८ मध्ये काही पालकांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला. ज्यांचे नाव खटल्याला मिळाले ते हवाई दलाच्या तळावर पत्र्याचे काम करणारे कामगार होते. डिसेंबर १९७१ मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. टेक्सस राज्याने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि २१ मार्च १९७३ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी पालक हरले.

या निकालाचे तीन पाय आहेत आणि तिन्ही आजही उभे आहेत. पहिला: शिक्षण कितीही महत्त्वाचे असले तरी अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला तो मूलभूत हक्क नव्हे. दुसरा: गरीब डिस्ट्रिक्टमध्ये राहणारे लोक हा घटनेने विशेष संरक्षण द्यावे असा वर्ग नव्हे, कारण गरीब डिस्ट्रिक्टमध्ये श्रीमंतही राहतात आणि उलटही. तिसरा: मुलांना शाळा मिळतच नाही असे नाही, कमी पैशाची मिळते एवढेच, स्थानिक नियंत्रण हवे असेल तर एवढी विषमता चालायची. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पूर्वी व्हर्जिनियात रिचमंडच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते, त्यामुळे स्थानिक नियंत्रणाबद्दलची आस्था समजण्यासारखी आहे. सर्वात तिखट विरोधी मत आले ते पूर्वी वकील म्हणून ब्राऊन खटला लढलेल्या न्यायमूर्तींकडून.

मला यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. एजवूडमधल्या शंभरातल्या नव्वद मुलांचा वंश हा या खटल्यात हळूहळू पडद्याआड गेला. खालच्या न्यायालयात तो ठळक होता; वर पोचेपर्यंत वाद ‘संपत्तीवर आधारित भेदभाव’ इथे येऊन थांबला आणि तिथेच हरला. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, २१ जून १९७३ रोजी, त्याच न्यायालयाने डेन्व्हरच्या प्रकरणात सांगितले की हिस्पॅनिक मुले हा भेदभाव सोसणारा, ओळखता येणारा स्वतंत्र वर्ग आहे. एजवूडच्या वकिलांना ही मान्यता आधी मिळाली असती तर निकाल फिरलाच असता असे नाही. पण एक मत इकडचे तिकडे व्हायला पुरेसे होते, हे विसरता येत नाही. १९७४ च्या डेट्रॉइट निकालाने उपनगरांना शहरी शाळांच्या मिसळणीतून बाहेर ठेवले. म्हणजे मुले दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये नेता येईनात आणि पैसा तिकडून आणता येईना.

वाट राहिली ती राज्यांच्या घटनांची. टेक्ससच्या घटनेत ‘कार्यक्षम’ सार्वजनिक शाळांची तरतूद आहे. तिच्या आधारे एजवूडनेच पुन्हा दावा केला आणि १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात एकमताने जिंकला. त्या वेळी सर्वात श्रीमंत आणि सर्वात गरीब डिस्ट्रिक्टच्या दर विद्यार्थी मालमत्तेचे प्रमाण ७०० ला १ होते. पुढे १९९३ मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टचा जास्तीचा कर राज्याने घेऊन इतरत्र वळवण्याचा कायदा आला. विरोधकांनी त्याला ‘रॉबिन हूड’ म्हटले. पण मालमत्तेची किंमत आणि मुलांची गरिबी नेहमी एकत्र चालत नाहीत. शहरातल्या जमिनींचे भाव चढले, तशी ह्यूस्टन आणि ऑस्टिन ही निम्म्याहून अधिक हिस्पॅनिक विद्यार्थी असलेली डिस्ट्रिक्ट ‘श्रीमंत’ ठरून पैसे भरणाऱ्यांच्या यादीत गेली. ह्यूस्टनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये पैसे द्यायला नकार दिला आणि सहा महिन्यांनी, दुसरा पर्याय आणखी महाग पडेल हे दिसल्यावर, होकार दिला.

भाषेच्या आघाडीवर न्यायालये अधिक उदार होती. द्विभाषिक शिक्षणाचा केंद्रीय कायदा १९६८ चा. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला नुसते वर्गात बसवणे म्हणजे समान संधी नव्हे, असे १९७४ मध्ये ठरले, तेही सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये सार्वमताने द्विभाषिक वर्ग जवळजवळ मोडीत काढले आणि २०१६ मध्ये सार्वमतानेच ती बंधने उठवली.

उच्च शिक्षणात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपल्याकडच्यासारखे राखीव जागांचे आरक्षण तिथे १९७८ पासून निषिद्ध आहे. २०२३ मध्ये गेले ते प्रवेशात वंशाचा एक घटक म्हणून विचार करण्याचे स्वातंत्र्य. दुसरे, १९९२ च्या कायद्याने किमान २५ टक्के हिस्पॅनिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना वेगळा दर्जा दिला. तो निधी प्रवेशासाठी नसून प्रयोगशाळा, शिक्षक, मार्गदर्शन यांसाठी असतो. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये तो आणि अशाच इतर संस्थांचा मिळून सुमारे ३५ कोटी डॉलरचा निधी केंद्राने थांबवला. कारण दिले ते वंशाच्या टक्केवारीचे. त्याच वर्षी जूनमध्ये, वास्तव्याची कायदेशीर कागदपत्रे नसलेल्या पण टेक्ससात वाढलेल्या विद्यार्थ्यांना स्थानिक दराने फी लावणारा २००१ चा कायदा एका दिवसात संपला: केंद्राने दावा दाखल केला आणि राज्याने विरोधच केला नाही.

शाळेच्या पातळीवर अशा कागदपत्रे नसलेल्या मुलांचे संरक्षण १९८२ च्या निकालावर टिकून आहे. टेक्ससातल्या टायलर शहराच्या स्कूल डिस्ट्रिक्टने त्यांच्याकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली होती. पाच विरुद्ध चारनेच न्यायालयाने ती रद्द केली, कारण इथे मुलांना शाळा कमी पैशाची मिळत नव्हती, मिळतच नव्हती. १९७३ च्या निकालाने मोकळी ठेवलेली हीच एक फट. ती बुजवण्याच्या हेतूने टेनेसीच्या सिनेटने एप्रिल २०२५ मध्ये अशा मुलांना फी लावू देणारे किंवा प्रवेशच नाकारू देणारे विधेयक मंजूर केले. खालच्या सभागृहात ते अडले, कारण शाळांना मिळणारा केंद्राचा निधी त्यामुळे जाईल की काय अशी धास्ती होती.