तिकीट आधी, प्रबंध नंतर: मरीन इंजिनिअरिंगमधल्या पीएच.डी.ची पार्श्वभूमी

चीफ इंजिनिअर व्हायला पदवी पुरत नाही, तिकीट लागतं. तिकीट म्हणजे सरकारी सक्षमता प्रमाणपत्र: आधी क्लास फोर, मग टू, शेवटी क्लास वन. ते सी टाइम (जहाजावर काढलेला सेवेचा काळ) आणि परीक्षांवर मिळतं. या शिडीची वरची पायरी विद्यापीठाच्या दारात उघडत नव्हती, आणि पीएच.डी.च्या आजच्या बऱ्याच अडचणी तिथूनच आल्या आहेत.

मुंबईत माझगावला नांगरलेल्या 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर 1927 पासून डेक कॅडेट (जहाज चालवणारे भावी अधिकारी) घडू लागले. इंजिन कॅडेट आले 1935 मध्ये. 1949 मध्ये कलकत्ता आणि मुंबईत डीएमईटी ही मरीन इंजिनिअर घडवणारी सरकारी संस्था सुरू झाली. भर होता वर्कशॉपमधल्या हातकामावर. जहाजांना वॉच (इंजिनरूममधली पाळी) सांभाळणारा माणूस हवा होता, तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. संशोधन मात्र दुसऱ्याच घरात वाढलं. ग्लासगो विद्यापीठात 1883 मध्ये जहाजरचनेचं अध्यासन झालं, आपल्याकडे 1952 मध्ये आयआयटी खरगपूरला विभाग आला. तिथले विषय हल (जहाजाचा सांगाडा), लाटा, प्रोपेलर. इंजिनरूम पोरकीच राहिली.

2008 मध्ये इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी स्थापन झाल्यावर दोन्ही वाटा एका छताखाली आल्या. निकड वाढली ती इंधनामुळे. 1 जानेवारी 2020 पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.50 वरून 0.50 टक्क्यावर आली. जुनंच जास्त बीएनचं (आम्ल मारायची क्षमता दाखवणारा आकडा) सिलिंडर ऑइल चालू ठेवलं की न वापरलेला कॅल्शियमचा अंश पिस्टन क्राउनवर कडक थर धरतो, तेलाचा पापुद्रा खरवडतो आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) स्कफ होतो, म्हणजे घासून ओरबाडला जातो. असे प्रश्न मॅन्युअल वाचून सुटत नाहीत.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान 3, कमाल 6 वर्षं (पुनर्नोंदणीने आणखी 2), कोर्सवर्क किमान 12 क्रेडिट. अर्धवेळ पीएच.डी. चालते, पण मालकाचं ना-हरकत पत्र लागतं आणि कोर्सवर्कसाठी सुटका मिळेल असं त्यात लिहून हवं. दर सफरीला नवा करार करणाऱ्या इंजिनिअरचं घोडं इथेच अडतं: साइन ऑफ झाल्यावर (करार संपून जहाजावरून उतरल्यावर) हे पत्र द्यायचं कोणी?

दुसरी ठेच विदेची, म्हणजे डेटाची. हाताशी असतो तो नून रिपोर्ट: चोवीस तासांची एक ओळ, सहा महिन्यांत जेमतेम 180. शक्ती साधारण वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. 12 नॉटवर लॉग (वेग मोजणारं यंत्र) अर्धा नॉट चुकला तर शक्तीच्या हिशेबात 12-13 टक्के फरक पडतो. नव्या हल पेंटची बचत मोजायची असेल, तर ती या चुकीतच बुडते. म्हणून विषय नोंदवण्याआधी पाहायचं ते एवढंच: जहाजावर शाफ्टचा टॉर्कमीटर (शक्ती थेट मोजण्यासाठी पीळ मोजणारं यंत्र) आहे का, त्याची मिनिटागणिक नोंद होते का, आणि ती प्रबंधात छापायला कंपनीची लेखी परवानगी मिळेल का. तोंडी होकार सुपरिंटेंडंट (कंपनीचा किनाऱ्यावरचा तांत्रिक अधिकारी) बदलला की संपतो.