तोल जाणाऱ्या माणसाला पाण्यात उतरवायची आयडिया आली कुठून?

आमच्या खानापूरच्या मावशीला स्ट्रोक आला, म्हणजे गावाकडच्या भाषेत वारं गेलं, आणि तीनेक महिन्यांनी फिजिओनं पाण्यातल्या व्यायामाचं नाव काढलं तेव्हा काका म्हणाले, "जमिनीवर उभं राहवत नाही तिला, पाण्यात उतरवून काय करूलाय ओ?" प्रश्न बरोबरच की. म्हणून मागचं जरा वाचून काढलं.

पाण्यानं रोग बरा करायचं वेड जुनंच. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाकडच्या प्रीस्निट्झ नावाच्या माणसाच्या गार ओल्या पट्ट्या, मग जर्मनीचा लुई कूने, त्याच्या कटिस्नानावर, म्हणजे कंबर पाण्यात बुडवून बसण्यावर, तर गांधीजींचा भारी विश्वास. हेच गांधीजी डिसेंबर १९२४ मध्ये आपल्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तेव्हाचीच. पण ह्या उपचारांत पेशंट नुसता बसून, जे काय करायचं ते पाण्यानं.

गंमत बघा, त्याच १९२४ मध्ये पोलिओनं पाय गेलेले फ्रँकलिन रूझवेल्ट अमेरिकेत वॉर्म स्प्रिंग्सच्या कोमट पाण्यात पहिल्यांदा उतरले, आणि जमिनीवर न हलणारे पाय तिथं थोडे हलायला लागले. तिथून पाणी म्हणजे औषध नाही, हालचाल करायची जागा, हा विचार वाढला.

तोलाचं खरं काम मात्र जेम्स मॅकमिलनचं, आणि हा डॉक्टर नव्हे, इंजिनीअर! १९४९ पासून लंडनच्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींना तो पोहायला शिकवायचा, तेही ट्यूब-बिब न लावता, कारण अंग कलंडलं की स्वतः सावरायचं हाच धडा. पुढं फिजिओ लोकांनी ते स्ट्रोकच्या पेशंटसाठी घेतलं. कमरेइतक्या पाण्यात पायावर साधारण निम्मंच वजन येतं, छातीइतक्या पाण्यात आणखी कमी, आणि पाणी दाट असल्यामुळं माणूस धाडकन पडत नाही, हळू कलंडतो, तेवढ्यात मेंदूला सावरायला वेळ मिळतो. काकांना हे पटलं, पण लगेच मलप्रभेवर न्यायची भाषा सुरू! नदीबिदी नाही, कोमट पाण्याची टाकी आणि शेजारी धरायला फिजिओ पाहिजेच.

पुरावा म्हणाल तर २०११ च्या कोक्रेन आढाव्यात (ही संस्था एखाद्या उपचारावरचे सगळे अभ्यास गोळा करून तपासते) अभ्यास मोजकेच सापडले, त्यावरून ठाम काही सांगता आलं नाही. नंतरच्या छोट्या अभ्यासांत बर्ग स्केलवर, म्हणजे तोल मोजायच्या चाचणीत, तोल सुधारलेला दिसलाय, तरी जमिनीवरचा व्यायाम कुणीच बंद करायला सांगत नाही, मावशीला पण नाही सांगितला.