गॉयडर रेषा: साउथ ऑस्ट्रेलियात गहू कुठवर पिकतो

ऑस्ट्रेलिया खंडाला पाऊस मिळतो तो कडेकडेने. उत्तरेला डार्विनमध्ये वर्षाचा सुमारे १७०० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच पडून जातो. पूर्वेला ग्रेट डिव्हायडिंग रेंज पॅसिफिकवरून येणारं बाष्प किनाऱ्यालगतच उतरवून घेते. दक्षिणेला पश्चिमी वारे हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्टमध्ये पाऊस आणतात. मधला प्रदेश मात्र वर्षातला बराच काळ हवेच्या उच्च दाबाखाली असतो, आणि वाऱ्याला वर चढवतील असे मोठे डोंगरही तिथे फारसे नाहीत. तिथल्या लेक एअर या सरोवराचा तळ तर समुद्रसपाटीच्या सुमारे १५ मीटर खाली आहे.

ओली कड संपून कोरडा मध्य कुठे सुरू होतो, हा साउथ ऑस्ट्रेलियात पोटापाण्याचा प्रश्न होता. १८६४-६५च्या दुष्काळात मेंढ्या मेल्या आणि सरकारी जमिनी भाड्याने घेतलेल्या मेंढपाळांनी सवलत मागितली. झळ नेमकी कुठवर पोचली हे पाहायला सरकारी जमीनमोजणीचे प्रमुख (सर्व्हेअर जनरल) जॉर्ज गॉयडर घोड्यावरून निघाले आणि सुमारे ३००० किलोमीटर फिरले. पर्जन्यमापकं तेव्हा मोजकीच, म्हणून त्यांनी झाडोरा पाहिला. एकाच बुंध्यातून अनेक खोडं फुटणारा बुटका निलगिरी, म्हणजे मॅली, जिथे संपतो आणि करड्या पानांचं सॉल्टबुश सुरू होतं, तिथून त्यांनी रेषा नेली. पुढे मोजमापं आली तेव्हा ती वार्षिक २५० ते ३०० मिलिमीटर पावसाच्या पट्ट्याशी जुळली. नुसता झाडोरा पाहून केलेलं हे काम आजही थक्क करतं.

१८७२च्या कायद्याने रेषेच्या दक्षिणेलाच उधारीवर शेतजमीन मिळू लागली. पण पुढची वर्षं पावसाची गेली, 'नांगरामागून पाऊस येतो' असं लोक मानू लागले आणि १८७४ साली ही अट उठवली गेली. शेतकरी उत्तरेला सरकले. १८७९मध्ये क्वॉर्नपर्यंत आणि १८८२मध्ये फरिनापर्यंत रेल्वे पोचली.

पण १८८०पासूनच पाऊस हुलकावणी देऊ लागला होता. इथला गहू पहिल्या पावसावर, एप्रिल ते जूनमध्ये पेरतात आणि दाणा भरतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तेव्हा पाऊस ओढला तर ओंब्या पोचट राहतात, बियाण्याचा खर्चही निघत नाही. त्यात सॉल्टबुश उपटून नांगरलेली माती उत्तरेच्या गरम वाऱ्याने उडून जाते आणि ते झुडूप सहजी परत येत नाही. सरासरीवर विसंबणं इथेच महागात पडतं: दोन ओली वर्षं आकडा वर नेतात, पण कर्जाचा हप्ता दरवर्षीच द्यावा लागतो. कुटुंबं शेती सोडून गेली. हॉकर-क्वॉर्नच्या आसपास त्यांच्या दगडी घरांच्या छप्पर नसलेल्या भिंती अजून उभ्या आहेत.

या दुष्काळांचा धागा भारतापर्यंत येतो. अॅडलेड ते डार्विन तारमार्ग १८७२मध्ये पुरा करणारे चार्ल्स टॉड तारेने हवामानाच्या नोंदी जमवत. भारतातल्या नोंदींशी त्या ताडून, दोन्ही देशांत मोठे दुष्काळ बहुधा एकाच वेळी पडतात, असं त्यांनी १८८८मध्ये मांडलं. पुढे भारतीय वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी हिंदी महासागर आणि पॅसिफिक यांच्यातला हवेच्या दाबाचा हेलकावा आकड्यांत पकडला. आज एल निनोचा, म्हणजे या हेलकाव्याबरोबर पॅसिफिकचं पाणी तापण्याचा, अंदाज घेताना ताहितीचा दाब डार्विनच्या दाबापेक्षा किती जास्त आहे, हा फरक पाहतात. तो दीर्घकाळ नेहमीपेक्षा कमी राहिला की गॉयडर रेषेवरचा गहू धोक्यात येतो, आणि मराठवाड्यातल्या खरिपाचीही काळजी लागते.