केट शेपर्ड राष्ट्रीय स्मारक

न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च शहरात ॲव्हन नदीकाठी उभारलेले ब्राँझचे उठावशिल्प. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सहाजणींचे हे स्मारक मार्ग्रीट विंडहाउझन या शिल्पकर्तीने घडवले. देशाच्या पहिल्या महिला गव्हर्नर-जनरल कॅथरीन टिझर्ड यांनी १९ सप्टेंबर १९९३ रोजी त्याचे अनावरण केले. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, याच तारखेला मताधिकाराच्या कायद्यावर सही झाली होती. संसदेच्या निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार देणारा न्यूझीलंड हा जगातला पहिला स्वशासित देश.

स्मारकाला नाव या चळवळीच्या नेत्या केट शेपर्ड यांचे असले, तरी त्यांच्या सोबतिणींनाही शिल्पात तितकीच ठसठशीत जागा मिळाली आहे, आणि ते न्याय्यच आहे. ख्राइस्टचर्चच्याच एडा वेल्स, ड्यूनेडिनमध्ये शिवणकामगार स्त्रियांची संघटना बांधणाऱ्या हॅरिएट मॉरिसन, तिथल्याच हेलन निकोल आणि ऑकलंडच्या एमी डाल्डी त्यात आहेत. सहाव्या मेरी ते ताई मंगाकाहिया. १८९३ मध्ये त्यांनी देशाच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, संसदेपुढे उभे राहून स्त्रियांना मत तर हवेच, सदस्यत्वही हवे, अशी मागणी केली. त्या काळी इतके पुढचे फार थोडे जण मागत होते.

या स्त्रिया सह्यांचा अर्ज गाडीतून संसदेकडे नेत आहेत, असा प्रसंग शिल्पात कोरला आहे. चळवळीचे खरे बळ या सह्यांतच होते. गावोगावहून आलेले कागद शेपर्ड एकाला एक चिकटवून झाडूच्या दांड्याभोवती गुंडाळत. मुख्य अर्जाची लांबी २७० मीटरवर गेली. खासदार जॉन हॉल यांनी सभागृहात ती गुंडाळी सोडली, तेव्हा ती उलगडत जाऊन पलीकडच्या टोकाला धाडकन आदळली. त्या वर्षीच्या सर्व अर्जांवर मिळून सुमारे ३२,००० सह्या होत्या. तरीही वरिष्ठ सभागृहात विधेयक २० विरुद्ध १८ मतांनी कसेबसे तरले. मुख्य अर्ज आज वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहता येतो.

पहिले मतदान २८ नोव्हेंबर १८९३ रोजी झाले. उमेदवारीचा हक्क मिळायला मात्र १९१९ उजाडले. पहिली महिला खासदार, एलिझाबेथ मॅकोम्ब्स, १९३३ मध्ये निवडून आल्या, त्या ख्राइस्टचर्चला लागून असलेल्या लिटलटन मतदारसंघातून.